कारखान्याचा संघ आणि राष्ट्रीय करंडक



दांडी म्हटलं की शाळेतल्या मुलांना मिठाचा सत्याग्रह आठवतो. ती दांडी गुजरातेत, नवसारीजवळ. आज मी बोलणार आहे ती आपली पालघर जिल्ह्यातली दांडी. बोईसर स्टेशनावर उतरून पश्चिमेला समुद्राकडे जावं, तिथली, मच्छीमारांची. किनाऱ्यानं उत्तरेला तारापूरचं अणुवीज केंद्र आणि पाठीमागे बोईसरची कारखान्यांची वसाहत. या पट्ट्यात थोरला मुलगा होडीवर खलाशी आणि धाकटा कारखान्यात रात्रपाळीला, असं घर काही नवलाचं नाही. आजचा विषय फुटबॉलच्या एका करंडकाचा आहे. पण मला तो अशाच घरांना समजावून सांगायचा आहे, कारण आपल्या देशात क्लबांसाठी राष्ट्रीय करंडक म्हणून जी स्पर्धा निघाली, ती पहिल्याच वर्षी जिंकली होती टेलिफोन तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या संघानं.

ते साल १९७७. त्याकडे येण्याआधी ‘बाद’ सामने म्हणजे काय, ते नीट समजावून घेऊ.

खेळाच्या स्पर्धा मुख्यतः दोन तऱ्हांनी भरवतात. एक साखळी, दुसरी बाद. कबड्डीमुळे हे शब्द आपल्या कानांवरून गेलेलेच आहेत. साखळीत प्रत्येक संघ इतर सगळ्यांशी खेळतो, गुण जमा होतात, आणि शेवटी ज्याचे गुण जास्त तो पहिला. बाद पद्धतीत हरला तो घरी गेला. जिंकला तो पुढच्या फेरीत. बस्स, इतकंच. मुलांना गणित घालायचं असेल तर असं घालावं : दांडी, उच्छेळी, नवापूर, मुरबे, सातपाटी, आलेवाडी, नांदगाव, घिवली, तारापूर, चिंचणी असे दहा गावांचे संघ आले, आणि बोईसरच्या कामगारांचा अकरावा. विजेता ठरवायला एकूण सामने किती लागतील? मुलं फेऱ्या मांडून मोजत बसतील. पण प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो, आणि अकरांतून दहा बाद व्हायचे आहेत. तेव्हा सामने दहा. साखळी खेळवली असती तर पंचावन्न झाले असते.

अकरा हा आकडा मुद्दामच घेतला. बादच्या जोड्या सरळ लागायच्या तर संघ चार, आठ, सोळा असे हवेत. अकराच्या वरचा तसा आकडा सोळा. सोळातून अकरा गेले, पाच उरले. म्हणून पाच संघांना पहिल्या फेरीत न खेळता ‘पुढे चाल’ मिळते. बाकीचे सहा संघ तीन सामने खेळतात, त्यांतले तीन विजयी, अधिक चाल मिळालेले पाच, मिळून आठ. तिथून पुढे गाडी रुळावर. चाल कुणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं आणि त्या सगळ्यांसमोर उचलाव्यात. गावोगावच्या स्पर्धांत अर्धी भांडणं मैदानावर होत नाहीत, या चिठ्ठ्यांवरूनच होतात.

आता ही पद्धत फुटबॉलमध्ये आली कुठून, हे शिक्षकमंडळींनी अवश्य ऐकावं. इंग्लंडात चार्ल्स अल्कॉक नावाचे गृहस्थ तिथल्या फुटबॉल संघटनेचे चिटणीस होते. त्यांचं शिक्षण हॅरो या शाळेत झालेलं. शाळेत मुलांच्या निरनिराळ्या वसतिगृहांमध्ये सामने होत, हरलेलं वसतिगृह बाहेर पडे, आणि शेवटी एकच उरे. शाळेतला हाच प्रकार देशभराच्या क्लबांना लावून पाहावा, असं अल्कॉकना सुचलं. १८७१ साली पंधरा क्लबांनी नावं दिली आणि मार्च १८७२ मध्ये पहिला अंतिम सामना झाला. जगातली ही सगळी करंडकांची प्रजा त्या एका शाळकरी खेळातून वाढलेली आहे.

हा इंग्लंडचा करंडक पहिली दहा-अकरा वर्षं बड्या घरच्या, बड्या शाळांतून शिकलेल्या लोकांच्या हातून बाहेर गेला नाही. १८८३ साली ब्लॅकबर्न या कापडगिरण्यांच्या गावचा ऑलिंपिक नावाचा संघ अंतिम सामन्याला आला. त्यात गिरणीत राबणारे लोक होते. समोर ईटनच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ. गिरणीवाल्यांनी तो सामना २-१ असा जिंकला. त्यानंतर एक जुना वाद जोरानं वर आला : खेळण्याचे पैसे घ्यावेत की नाही? ज्याच्या घरी खायला आहे तो म्हणणार, खेळ हौसेखातर खेळावा. ज्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते तो म्हणणार, माझी मजुरी कोण देणार? दोन वर्षांनी, १८८५ मध्ये, इंग्लंडच्या संघटनेनं पगारी खेळाडूंना रीतसर मान्यता दिली.

‘पगारी’ आणि ‘अर्धपगारी’ हे दोन शब्द इथे फोडून सांगायला हवेत. पगारी खेळाडूचा धंदाच खेळ. सकाळी सराव, दुपारी विश्रांती, आजारी पडला तर क्लबचा डॉक्टर. अर्धपगारी खेळाडू दिवसा दुसरं काम करतो. संध्याकाळी सराव करतो आणि क्लबकडून थोडंफार मानधन किंवा प्रवासखर्च घेतो. आपल्याकडे याची एक तिसरीच जात निपजली. कंपनी, बँक, रेल्वे, पोलीस यांनी खेळाडूला नोकरी द्यायची, पगार नोकरीचा द्यायचा, आणि सरावासाठी कामातून सूट द्यायची. कागदावर तो कारकून किंवा शिपाई. मैदानावर तो कंपनीचा मानकरी. कलकत्त्याचे मोठे क्लब खेळाडूंना पैसे देत असत, पण चूल पेटती राहायची ती पुष्कळदा अशा नोकरीवरच. या पद्धतीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मी ठेवणार नाही. पाय मोडला तरी महिन्याच्या महिन्याला पगार येणार, ही खात्री असल्यामुळेच कित्येक गरिबांची मुलं फुटबॉल खेळू शकली.

हिंदुस्थानात बादचे करंडक आणले इंग्रज पलटणींनी. ड्युरंड करंडक १८८८ साली सिमल्याला सुरू झाला. आपल्या मुंबईचा रोव्हर्स करंडक १८९१ सालचा, आणि तो पहिल्याच वर्षी वूस्टरशायर पलटणीनं नेला. कलकत्त्याची शील्ड १८९३ ची. या स्पर्धा म्हणजे बहुतेक गोऱ्या सोजिरांची करमणूक. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ हरवून शील्ड जिंकली. त्या संघातल्या अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले, बूट होते एकट्याच्या पायांत. रोव्हर्स मात्र देशी संघाच्या हाती लागायला १९३७ साल उजाडलं. बंगळूरच्या मुस्लिम संघानं तो जिंकला आणि पुढच्या वर्षी राखलाही. मग १९५० ते १९५४ अशी ओळीनं पाच वर्षं हैदराबादच्या पोलिसांनी कूपरेज मैदान गाजवलं. १९५८ साली करंडक गेला कॅलटेक्स या तेलकंपनीच्या संघाकडे. म्हणजे पोलीस काय, तेलकंपनीचे नोकर काय, यांचाच तो जमाना होता.

पण या तिन्ही स्पर्धा म्हटल्या तर एकेका शहराच्या, एकेका संस्थेच्या. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं स्वतः भरवलेला क्लबांचा करंडक नव्हता. तो १९७७ साली निघाला, फेडरेशन करंडक या नावानं. पहिला मेळा केरळात एर्नाकुलमला भरला. मोहन बागान अर्थातच होता. त्या वर्षीचा मोहन बागान म्हणजे काय होता, हे तरुण श्रोत्यांना सांगितलं पाहिजे. त्याच साली त्यांनी शील्ड, ड्युरंड आणि रोव्हर्स असे तिन्ही करंडक एका दमात मिळवले. त्याच साली ब्राझीलचे पेले कॉसमॉस क्लबाबरोबर कलकत्त्याला आले, तेव्हा त्यांच्याशी मोहन बागाननं २-२ अशी बरोबरी केली. असा संघ फेडरेशन करंडकाच्या अंतिम सामन्यात आला, आणि समोर कोण? बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा संघ. सरकारी कारखान्यातले नोकरदार. हेच ते काळे, जड टेलिफोन, गावच्या पोस्टात आणि पोलीसचौकीत असायचे ना, ते बनवणारा कारखाना. निकाल : कारखाना एक, मोहन बागान शून्य.

हे घडतं कसं? एखादे काका म्हणतील, नशीब. नशीब थोडं असतंच, पण त्यात गणितही आहे. समजा बलाढ्य संघ आणि लहान संघ दहा वेळा भेटले तर नऊ वेळा बलाढ्यच जिंकेल. साखळीत पुष्कळ सामने असतात, तिथे या नऊ वेळांचंच राज्य चालतं. बाद सामन्यात मात्र उरलेली एक वेळ आज आली तर काम झालं. आता असे आठ लहान संघ एकाच फेरीत आठ बड्यांशी खेळले, तर आठही बडे सुखरूप पुढे जाण्याची शक्यता किती? नऊ-दशांश आठ वेळा गुणून पाहा. शंभरात त्रेचाळीस. म्हणजे शंभरात सत्तावन्न वेळा कुठे ना कुठे एक तरी बडा पडणार! कोण पडणार ते कुणी सांगू शकत नाही, आणि म्हणूनच लोक बघायला येतात. फुटबॉलमध्ये गोलही थोडे होतात. क्रिकेटमध्ये एक चूक पुढच्या पन्नास धावांत बुडून जाते. फुटबॉलमध्ये एक चूक सबंध सामना खाऊन टाकते.

फेडरेशन करंडक पुष्कळ वर्षी आधी गटवार साखळी आणि मग बाद, असा मिश्र खेळवला गेला. त्यामुळे लहान संघालाही एका पराभवात बिऱ्हाड गुंडाळावं लागत नसे. सुरुवातीला बरोबरी सुटली नाही तर करंडक विभागून देत. १९७८ आणि १९८० साली ईस्ट बंगाल व मोहन बागान यांनी तो वाटून घेतला. आता तसं चालत नाही. बरोबरी झाली तर साधारणपणे अर्धा तास जादा वेळ, आणि तरीही नाही सुटली तर पाच-पाच पेनल्टी.

या करंडकाच्या इतिहासातली मला सगळ्यांत आवडती गोष्ट त्रिचूरची आहे. तिथल्या म्युनिसिपल मैदानावर एक पोरगा सामन्याच्या वेळी सोड्याच्या बाटल्या विकत असे. त्याचं नाव आय. एम. विजयन. पुढे अंगातला खेळ बघून केरळ पोलिसांनी त्याला आपल्या संघात घेतलं. १९९० साली फेडरेशन करंडक त्रिचूरलाच भरला, आणि गोव्याच्या साळगावकर संघाला हरवून केरळ पोलिसांनी तो जिंकला. विजयन त्या विजयी संघात होता. हरलेला साळगावकर काही लेचापेचा नव्हता. १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षं करंडक गोव्याला आणणारे तेच. पुढच्या वर्षी, १९९१ मध्ये, केरळ पोलिसांनी कण्णूरला करंडक राखला. या वेळी अंतिम सामन्यात हरला तो आपल्या मुंबईचा महिंद्र संघ.

महिंद्रचं नाव निघालं तेव्हा जरा कडू बोलावं लागेल. मोटारी आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीचा हा संघ १९६२ पासूनचा. त्यानं २००३ आणि २००५ साली फेडरेशन करंडक जिंकला, २००५-०६ ला राष्ट्रीय लीगही जिंकली. आणि २०१० मध्ये कंपनीनं संघच बंद केला. पंजाबचा जेसीटी हा कापडगिरणीचा संघ, १९९६-९७ च्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, तो २०११ मध्ये बंद झाला. मुंबईचा रोव्हर्स करंडकही या शतकाच्या आरंभी थांबला. लीग आली, नियम आले : क्लब स्वतंत्र पाहिजे, त्याची मुलांची पथकं पाहिजेत, पूर्ण पगारी खेळाडू पाहिजेत. नियम चुकीचे होते असं म्हणवत नाही. पण कारखान्याला वाटलं, हा खर्च कशासाठी? आणि ज्या दारातून विजयनसारखा पोरगा आत आला होता, ते दार हळूहळू अरुंद होत गेलं.

फेडरेशन करंडक २०१७ मध्ये शेवटचा झाला. तो बंगळूरनं मोहन बागानला हरवून जिंकला. २०१८ पासून त्याच्या जागी सुपर करंडक आला, आणि पहिल्या वर्षी भुवनेश्वरला बंगळूरनंच ईस्ट बंगालला ४-१ हरवून तो नेला. पुढच्या वर्षी तो गोव्याकडे गेला. या करंडकात खेळतात ते देशाच्या वरच्या दोन लीगांमधले क्लब. त्यांच्या खालच्यांना प्रवेश नाही. म्हणजे नावाला राष्ट्रीय, पण जिल्ह्याच्या क्लबानं पहिल्या फेरीपासून चढत यावं अशी शिडी त्याला नाही. इंग्लंडच्या करंडकात आजही सातशेहून जास्त क्लब उतरतात आणि बडे क्लब पुढच्या फेऱ्यांत येऊन मिळतात. फ्रान्समध्ये तर हजारो क्लब उतरतात.

फ्रान्समधलं कॅले हे समुद्रकाठचं बंदर. तिथला चौथ्या श्रेणीचा क्लब, दिवसा आपापली नोकरी करून खेळणारी मंडळी. १९९९-२००० च्या हंगामात त्यांनी लिल, स्ट्रासबर्ग, बोर्दो अशा पगारी क्लबांना एकामागून एक घरी पाठवलं आणि थेट पॅरिसच्या मोठ्या मैदानावर अंतिम सामना गाठला. तिथे पहिला गोलही त्यांचाच. नाँतनं बरोबरी केली आणि अगदी शेवटच्या मिनिटाला पेनल्टीवर सामना २-१ असा घेतला. करंडक देण्याच्या वेळी नाँतच्या कप्तानानं कॅलेच्या कप्तानाला शेजारी बोलावलं आणि दोघांनी मिळून तो उचलला. हे चित्र मी शाळेच्या भिंतीवर लावीन. आणि मुलांपासून लपवू नये म्हणून हेही सांगीन, की तो कॅलेचा क्लब २०१७ मध्ये दिवाळ्यात निघाला. एका मोठ्या दिवसानं क्लबचा वर्षाचा खर्च निघत नाही.

ऑस्ट्रेलियात २०१४ साली असाच नवा करंडक सुरू केला, तेव्हा त्यांनी दोन्ही बाजूंचा विचार केलेला दिसतो. सहाशेहून जास्त क्लब घेतले. राज्याराज्यांतून चाळून शेवटचे बत्तीस निवडले, त्यांत दहा पगारी, बाकी अर्धपगारी. आणि सोडत अशी बांधली, की उपांत्य फेरीत निदान एक अर्धपगारी क्लब असायलाच पाहिजे. काही लोक म्हणाले, ही मेहेरबानी झाली. असेल. पण पहिल्याच वर्षी ॲडलेड सिटी या अर्धपगारी क्लबानं वेस्टर्न सिडनीला १-० हरवलं, तेव्हा त्यात कुणाची मेहेरबानी नव्हती. त्याच वर्षी ते वेस्टर्न सिडनी आशिया खंडाचे क्लब-विजेते झाले. २०२२ मध्ये सिडनी युनायटेड हा अर्धपगारी क्लब अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तो हरला, पण पोहोचला.

आपल्याकडे या जातीची चव आज थोडीफार शिल्लक आहे ती जुन्या ड्युरंड करंडकात. तिथे अजून सैन्यदलांचे संघ बड्या क्लबांच्या समोर उभे राहतात. २०२५ साली त्यात डायमंड हार्बर नावाचा क्लब उतरला, जेमतेम तीन वर्षांचा. हुगळीच्या काठी, नदी समुद्राला मिळते त्या बाजूचं हे गाव. त्यांनी उपांत्य सामन्यात ईस्ट बंगालला २-१ पाडलं. अंतिम सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडनं त्यांचा ६-१ असा फडशा पाडला, ही गोष्ट वेगळी.

सहा गोल खाण्यावरून एक प्रश्न नेहमी विचारला जातो : लहान संघाला मोठ्यापुढे उभं करून त्याची फजिती कशाला? माझं उत्तर असं, की फजिती एका दुपारची असते. पण मोठ्या संघाचा बचाव कसा उभा राहतो, चेंडू नसताना माणूस कुठे पळतो, पास देण्याआधी मान कशी वळवतो, हे पुस्तकातून किंवा दूरदर्शनवरून कळत नाही. अंगावर आल्यावर कळतं. अट एकच, की दोन्ही संघांना पंच सारखा मिळावा आणि सामन्याची वेळ लहान संघाला विचारून ठरवावी. रात्रपाळी करून आलेल्या मुलाला सकाळी नऊला मैदानात उतरवलं, तर तो सामना कसला?

महासंघ शिडी लावील तेव्हा लावील. शिक्षकांच्या हाती एक शिडी आजही आहे. शाळांसाठी सुब्रतो मुखर्जी करंडक १९६० पासून चालू आहे. हवाई दलाचे एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावानं. त्यात तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असे चढत जाऊन शेवटची फेरी देशपातळीवर होते. पंधरा वर्षांखालील मुलगे, सतरा वर्षांखालील मुलगे आणि मुली यांचे गट आहेत. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत वेळेवर नाव नोंदवावं लागतं, आणि मुलांच्या जन्मतारखेचे दाखले आधीपासून नीट करून ठेवावे लागतात. चांगला संघ केवळ दाखल्यापायी परत येतो, ही गोष्ट ऐकायला फार वाईट वाटते.

गावातच आपला लहानसा करंडक भरवायचा असेल तर दांडीसारख्या किनाऱ्यावर मैदानाचं भाडं पडत नाही. ओहोटीला ओली, घट्ट वाळू उघडी पडते, तीवर चेंडू बरा पळतो. बांबूचे खांब, वर दोरी, झाला गोल. मात्र वेळापत्रक करताना नाखवांना विचारूनच करा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी लांबवर हटतं, मैदान मोठं मिळतं. भांगाच्या दिवसांत पट्टा अरुंद राहतो. पाणी रोज सुमारे पाऊण-एक तासानं उशिरा येतं. तेव्हा पहिल्या दिवशी चारला सुरू झालेला सामना तिसऱ्या दिवशी साडेपाचच्या पुढे जाईल आणि अंधार पडेल. पहिल्या फेरीचे तीन सामने एका ओहोटीत बसतात, पण मुलं लहान असतील तर वीस-वीस मिनिटांचे दोनच डाव ठेवा. अंतिम सामना उधाणाच्या दिवशी घ्या, ओहोटी अर्धी झाली की लगेच सुरू करा, आणि जादा वेळेची तीस मिनिटं हिशेबात धरा. बरोबरी झाली आणि भरती चढू लागली, तर पेनल्टी मारायला गोलाचे खांब उचलून वरच्या कोरड्या वाळूत न्यावे लागतील.